हॉटेलचे शाश्वततेचे आकडे: सुरुवात मीटरपासून

कळंगुटला तुमचं ४० खोल्यांचं हॉटेल आहे, परदेशी टूर कंपनी शाश्वततेचे निर्देशांक मागते आणि काय मोजायचं ते कळत नाही, असा तुमचा प्रश्न. शेअर बाजाराची नियामक सेबी हिचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल, बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक आहे. तो नमुना समोर ठेवून घाबरू नका. तुम्हाला पाच आकडे पुरतात: वीज, इंधन, पाणी, कचरा आणि एसीत भरलेला गॅस.

खरी गफलत भागाकारात होते. विजेच्या एकूण युनिटना भरलेल्या रूम-नाइटने (एक खोली एक रात्र भरली की एक रूम-नाइट) भागायचं, हे बरोबरच. पण समजा, जानेवारीत ९०० रूम-नाइटना १८,००० युनिट लागले, म्हणजे २०. जुलैत ३०० ना ११,४०० लागले, म्हणजे ३८. मग मालक पावसाळ्यात हाउसकीपिंगवर ओरडतो. उगाच! दोन महिन्यांतला फरक ६०० रूम-नाइट आणि ६,६०० युनिट. म्हणजे एका भरलेल्या खोलीमागे ११. उरलेले ८,१०० युनिट हॉटेल रिकामं असलं तरी जळतात: डीप फ्रीझर, पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र), आवारातले दिवे. बचत शोधायची ती तिथे. दोन महिन्यांवरचा हा हिशेब ढोबळ आहे, कारण ऋतूनुसार एसी कमी-जास्त चालतो. बारा महिन्यांचे ठिपके आलेखावर (आडवे रूम-नाइट, उभे युनिट) मांडा आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. रीडिंग ठरलेल्या तारखेला स्वतः घ्या, वीज खात्याच्या बिलाची मुदत महिन्याशी जुळेलच असं नाही. छतावर सोलर असेल तर नेट मीटरचं बिल फसवं, त्यात घेतलेल्या विजेतून परत दिलेली वजा होते; निर्मितीचं मीटर वेगळं लिहा.

पाण्यात टँकरच्या पावत्या जोडत बसू नका, टँकर भरून आला होता की नाही कोण बघतो? संपमधून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर एक मीटर बसवा. नळ, विहीर, टँकर, सगळं त्यातूनच जातं. पूल किंवा बाग थेट संपवर असेल तर तिथे दुसरं.

कचरा पिशव्या मोजून नव्हे, काट्यावर, तिमाहीतून सलग सात दिवस, आणि छपराखाली. पावसात भिजलेली शहाळ्यांची सालं आकडा फुगवतात.

उत्सर्जनासाठी डिझेल लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, स्वयंपाकाच्या गॅसच्या १९ किलोच्या सिलिंडरला सुमारे ५७, विजेच्या युनिटला साधारण ०.७, विजेचा नेमका गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं. जनरेटरचं डिझेल खरेदीवरून नको, टाकीत पट्टी बुडवून महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा साठा लिहा.

आणि एसी. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते, गॅस गळतो, मेकॅनिक बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’ लिहून जातो. एसीत भरतात तो आर-४१०ए गॅस एक किलो गळला तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे सातशेहून जास्त लिटर डिझेल जाळल्यासारखा. भरण्याआधी आणि नंतर मेकॅनिकला त्याचं सिलिंडर काट्यावर ठेवायला लावा, आणि फरक किलोत बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.