पोरांना प्रार्थना शिकवतो, माझीच आटली

(दोन-तीन हकिकती एकत्र करून, ओळख पुसून लिहिलं आहे.)

खानापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ सांभाळणारा 27 वर्षांचा दादा आमच्याकडे सल्ल्याला आला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "शनिवारी पोरांना प्रार्थना करा म्हणून सांगालोय, आणि मला स्वतःला तीन महिने झाले प्रार्थना येईना. मी ढोंगी काय ओ?"

तरुणांत सेवा करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. अशा वेळी श्रद्धेची चौकशी नंतर, आधी वही. दोन आठवडे तासांची नोंद ठेवायला सांगितली. बुधवारी घरप्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी गाण्यांचा सराव, रविवारी सकाळी 7:30 पासून संडे स्कूल, उपासना, मग आजाऱ्यांच्या घरी भेटी. मानधनात पेट्रोल सुटतं तेवढंच, म्हणून सोमवार ते शनिवार बेळगावात दुकानाचे हिशेब. रात्री 1 वाजेपर्यंत पोरांचे व्हॉट्सअ‍ॅप. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाच्या, विसाव्यावर धडा घेणारा मात्र हाच!

बायबल उघडायचं तेही धड्यासाठी. प्रत्येक वचन ‘हे पोरांना कसं सांगू’ म्हणत वाचलं की ते वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. आम्ही याला दमणूक म्हणतो. ठरवलं असं: सोमवारची संध्याकाळ मोकळी, रात्री 9:30 नंतर फोन आईकडे, आणि रोज 20 मिनिटं असं वाचन ज्याचा धडा करायचा नाही. पहिल्या आठवड्यात गडी त्यातूनही तीन मुद्दे टिपून घेऊन आला. पेन बाजूला ठेवायला लावलं.

बाकीची ओढाताण त्याच्या हातची नव्हती. पंचांना (मंडळीच्या कारभाऱ्यांना) हजेरी हवी, पाळकांना (धर्मगुरूंना) शिस्त, पोरांना मित्र. ज्येष्ठांना ना. वा. टिळकांची भजनं हवीत. पोरं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमातली, मराठी वाचताना अडखळणारी, त्यांना हिंदी गाणी. दर शनिवारी एक भजन, अर्थ सांगून, एवढ्यावर तडजोड झाली.

खरं ओझं तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. संघातल्या 16 वर्षांच्या मुलीने नात्यातल्या माणसाच्या नकोशा स्पर्शाबद्दल सांगितलं होतं, आणि त्याने ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द दिला होता. आठ दिवस झाले होते. प्रार्थना तीन महिन्यांपूर्वीच आटली होती, पण झोप गेली ती या आठ दिवसांत.

तो शब्द द्यायलाच नको होता. 2012 च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती कळलेल्या कोणीही पोलिसांना कळवायचं असतं. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्याला लागू, आम्हालाही. म्हणून त्याच दिवशी कामाला लागलो. मुलीचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहिले. तिला पुन्हा खोदून विचारलं नाही. त्या नातेवाइकाला जाब विचारायचा नाही, पंचांसमोर मिटवामिटवी नाही, हेही बजावलं. भल्या मनाचे पाळकही कधीकधी हीच मिटवामिटवी करतात, आणि पुरावा तिथेच विरतो. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिच्या आईला विश्वासात घेतलं, पोलिसांत तक्रार झाली.

आता कुणी ‘दादा, कुणाला सांगू नका’ म्हणालं की तो आधी सांगतो, "जिवाचा धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार असेल, तर मला सांगावं लागेल. बाकी माझ्याजवळच राहील." काही पोरं तिथेच गप्प होतात. तेवढं सोसावं.

ती मुलगी दोन महिने संघात आली नाही. पंचांनी हजेरीपटावर बोट ठेवून कारण विचारलं. "सांगता येणार नाही," तो म्हणाला, आणि तिचं नाव खोडू दिलं नाही.