चौकशी कुठल्या तोंडाने करायची?

ताई पहिल्यांदा माझ्याकडे सल्ल्याला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पुण्याजवळच्या एका वृद्धसेवा केंद्राचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं आणि अनामत भरल्याची पावती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई ७९ वर्षांची. दोनदा पक्षाघात होऊन डावी बाजू गेलेली, लघवीची नळी, आणि आता विसरायलाही लागलेली. ताई बँकेत नोकरीला, भाऊ नाशिकला. सेविका पुरवणाऱ्या ब्युरोतून येणारी रात्रीची मावशी एका महिन्यात तीनदा न सांगता दांडी मारून बसली, तेव्हा हा निर्णय झाला होता.

"जागा छान आहे मॅडम. बाग आहे, गणपतीचं देऊळ आहे. पण पैसे भरल्यापासून मला झोप नाही. तिथे आईला नीट बघतील ना?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच मुलं-मुली, सुना येतात. मी विचारलं, "रात्री तिथे किती माणसं कामाला असतात?" माहीत नव्हतं. संध्याकाळचं जेवण किती वाजता? डॉक्टर किती दिवसांनी येतात? तेही माहीत नव्हतं. कर्जाच्या फायलीत एक कागद कमी असला तर ती परत पाठवणारी ही बाई!

"विचारलं का नाहीत?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आईला तिथे सोडायला मीच चाललेय. वर आणखी चौकशा कुठल्या तोंडाने करायच्या?"

अपराधीपणा माणसाला रडवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो माणसाचं तोंडही बंद करतो, याकडे मात्र लक्ष जात नाही. आपल्याला विचारायचा हक्कच उरला नाही असं वाटायला लागतं, आणि मग मावशी-आत्याला अभिमानाने सांगता येईल अशा गोष्टींवर डोळा ठरतो. ताईंची आई पलंगावरून उठू शकत नव्हती. तिला बागेचा काय उपयोग? मी हे स्पष्टच बोलले. त्या रडल्या, आणि मी रडू दिलं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांना मी एकच काम दिलं: आधी न कळवता, संध्याकाळी सहानंतर पुन्हा जायचं. सकाळी अकराला सगळीच केंद्रं चांगली दिसतात.

त्या गेल्या. साडेपाचलाच जेवणं उरकली होती, सातला दिवे बंद. पुढचा चहा सकाळी सातला. म्हणजे साडेतेरा तास पोटात काही नाही. त्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली २२ माणसं आणि रात्री एकच मावशी. दोन आजोबांचे हात ओढणीने कठड्याला बांधलेले. "पडू नयेत म्हणून," असं उत्तर मिळालं. "आमच्याकडे सगळे शांत झोपतात हो," हेही कौतुकाने सांगितलं गेलं. हे वाक्य ऐकलं की मी नेहमी गोळीचं नाव विचारायला सांगते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना गप्प ठेवण्यासाठी मनोविकारावरची काही औषधं दिली जातात, आणि त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिला आहे. कुठल्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहून दिलं, हे घरच्यांना कळलंच पाहिजे.

ताईंनी अनामत परत मागितली. त्या दोन आजोबांचं काय, हा प्रश्न आम्हा दोघींनाही सोडवेना, म्हणून ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर माझ्यासमोरच फोन केला.

कागदपत्रांतही गोंधळ होता. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं रुग्णालय. त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते. वृद्धाश्रम पुष्कळदा नुसता न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदवलेला असतो. भिंतीवर प्रमाणपत्र लटकतंय म्हणून तिथे शिकलेली सिस्टर आहे असं धरून चालू नये. नोंदणी कशाची, कोणाकडे, हे विचारायचं. अग्निशामक नळकांड्यावर पुन्हा भरायची तारीख असते, ती वाचायची.

दुसरं केंद्र एका जुन्या बंगल्यात होतं. रंगाचे पोपडे निघालेले. पण लघवीचा वास नव्हता, आणि लघवीची पिशवी प्रत्येक पलंगाला कमरेच्या खाली, जमिनीला न टेकता अडकवलेली. एक मावशी आजींना म्हणत होती, "काकू, आता कूस बदलते हं," आणि मग हात लावत होती. ताई मला हे सांगताना दोनदा थांबल्या. तिथल्या सिस्टरने उलट यांनाच प्रश्न विचारले: आईला घरी काय म्हणतात, पाणी पिताना ठसका लागतो का, वजन किती? काट्यावर ४६ किलो भरलं. मागचं दार रात्री कुलूपबंद असायचं आणि किल्ली मालकांकडे. ताईंनी विचारल्यावर ती दाराशेजारच्या खिळ्यावर आली. डायपर, हवेची गादी, रुग्णालयात न्यावं लागलं तर सोबत कोण आणि खर्च कोणाचा, हे सगळं लिहून घेतलं.

आईला तिथे ठेवल्यावर दुसऱ्या महिन्यात एका मंगळवारी त्या दुपारी चारला गेल्या. आईच्या माकडहाडापाशी लाल डाग होता. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी, हे आमचं बोलणं झालं होतं. पलंगाच्या पायथ्याशी दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता होता. त्यात सहा आणि आठच्या रकान्यांतही आधीच खुणा केलेल्या.

माझा फोन वाजला. "मॅडम, काढून आणू का तिला?"

"आधी दाखवा त्यांना. काय करतात बघा."

मालकीणबाईंनी कारणं दिली नाहीत. हवेची गादी त्याच संध्याकाळी आली, आणि खुणेऐवजी वेळ व सही घालायची पद्धत सुरू झाली. दहा-बारा दिवसांत डाग गेला. दोष सगळीकडेच सापडतो. तो दाखवल्यावर समोरचा माणूस कसा वागतो, यावर माझा जास्त भरवसा आहे. चिडून "मग घेऊन जा तुमच्या आईला" म्हणणारी जागा असती, तर मीच म्हटलं असतं, लगेच काढा.

ताई अजूनही वार बदलून जातात, कधी जेवणाच्या वेळी, कधी रात्री आठला. आईच्या केसांना तेल लावतात आणि तेवढ्यात माकडहाड, टाचा, घोटे बघून घेतात. गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला: "आज काटा केला. साडेसत्तेचाळीस."