विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माणसाने इतिहास, राजकारण, साहित्य, तत्त्वज्ञान यांतलं नवं संशोधन कुठे वाचावं?

मी ठाण्यात राहतो, नोकरी बँकेत, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे. खरी अडचण पैशांची. परदेशी नियतकालिकातला एक सुटा लेख घ्यायचा तर दोन-तीन हजार सहज मागतात. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीत १३,०००हून अधिक नियतकालिकं आहेत. पण ती सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी. आपण तिच्या बाहेर.

म्हणून सुरुवात ‘शोधगंगा’ या संकेतस्थळापासून करा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे लाखो प्रबंध तिथे फुकट आहेत, मराठीतलेही. प्रबंध एकसंध नसतो, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. पहिलं प्रकरण उघडू नका, तिथे बहुधा विषयाचं महत्त्व पानंच्या पानं सांगितलेलं असतं. आधी समारोप वाचा, मग संदर्भसूची. सूचीत मोडी दफ्तरं, पुराभिलेखागारातली कागदपत्रं, जुन्या वृत्तपत्रांचे अंक दिसले तर माणूस बाहेर पडून शोधत हिंडलाय. नुसती छापील पुस्तकं असतील तर सरळ पुढचा प्रबंध घ्या. दर्जा कमालीचा वरखाली आहे, हे धरूनच चाला. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी प्रबंधांत शब्द शोधता येत नाही आणि लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर ती पानं वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. ते काम घरी, मोठ्या पडद्यावर.

इंग्रजी लेखांसाठी जेस्टोर (JSTOR) या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं काढा, महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. तेवढे आपल्याच्याने होत नाहीत. हवा तो लेख तिथे नसेल तर लेखकालाच मेल टाका. संकोच करू नका, आपला लेख कुणी मागतंय याचंच बहुतेकांना अप्रूप असतं.

मराठीत तत्त्वज्ञानासाठी पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं ‘परामर्श’ आणि एकूण वैचारिक लेखनासाठी वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं ‘नवभारत’ बघा. जुने अंक कुठे मिळतील हे १८९३ सालच्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन विचारा.

आणि चारही विषय एकदम धरू नका. ठाणेकर असाल तर १७३७ ते १७३९ची चिमाजी अप्पांची वसई मोहीम घ्या: ठाण्याचा किल्ला तिच्यातच पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, आणि आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. मराठी पत्रं आणि पोर्तुगीज कागद दोन्ही वापरणारा अभ्यासक कोण, एवढं एकच पाहत गेलात तरी पुढची यादी आपोआप तयार होईल.