इंदूरहून चार दिवसांत कोणती प्राचीन स्थळे पाहावीत?

आई-बाबांना घेऊन इंदूरहून चार दिवसांत कोणती प्राचीन स्थळे पाहावीत, असे आपण विचारले आहे. मांडूला एक दिवस पुरतो. उरलेले तीन दिवस भोपाळला मुक्काम ठेवून भीमबेटका, सांची आणि विदिशा यांना द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. उज्जैनच्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणलेल्या भीमबेटक्याच्या शैलाश्रयांत (खडकांच्या नैसर्गिक आडोशांत) गेरूने रंगवलेले हत्ती, घोडेस्वार आणि शिकारी अगदी समोर दिसतात, आणि तिथली पायवाट वडीलधाऱ्यांनाही झेपेल अशी आहे. सांचीहून पुढे विदिशेजवळच्या बेसनगरचा स्तंभ मात्र चुकवू नका: तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस या यवन (म्हणजे ग्रीक) राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवासाठी तो गरुडध्वज उभारला, आणि त्याच्या खालच्या अष्टकोनी भागावर तसा ब्राह्मी लेख कोरलेला आहे.