आरशाचं माप भिंतीवरून नको, माणसांवरून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याच्या घरात आईंची खोली 10 बाय 12 ची आहे, पश्चिमेची भिंत सगळी मोकळी आहे आणि काचवाला तिथे 6 बाय 4 फुटांचा आरसा लावा म्हणतोय. आईंची उंची चार फूट दहा इंच, मुलगा पाच फूट दहा. कोकणातल्या घरांतून मी बरेच आरसे लावून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माप. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. लांब उभं राहिलं की जास्त दिसतं असं सगळे समजतात, पण सरळ भिंतीवरच्या आरशात तसं होत नाही. चार पावलं मागे गेलात तरी तेवढंच दिसणार. वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मध्यावर हवी आणि खालची कड जमिनीपासून डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर. घरात उंचीचा फरक असेल तर वरची कड सगळ्यात उंच माणसाची धरायची, खालची सगळ्यात बुटक्याची. मुलगा 70 इंच, डोळे साधारण 66 वर, म्हणजे वरची कड 68. आईंची उंची 58, डोळे 54 वर, म्हणजे खालची कड 27. मधलं अंतर 41 इंच. वरखाली दोन-दोन इंच सोडा, 45 इंच झाले. पावणेचार फुटांत तुमचं घर बसलं, सहा फुटांची गरजच नाही.

रुंदीलाही हाच हिशेब. नुसतं सरळ उभं राहून बघायचं तर दीड फूटही चालतो. पण आई साडी नेसतात. निऱ्या घालताना, पदर काढताना कोपरं बाहेर येतात, हात लांब जातो. चार फुटांचा पसारा दिसायला दोन फूट रुंदी लागते. चतुर्थीच्या सकाळी त्या आरशापुढे आई, तुम्ही आणि आलेल्या माहेरवाशिणी एकदमच उभ्या राहणार असाल, तर अडीच फूट घ्या. त्यापुढे जाऊ नका.

आजीची पेटी आरशाखाली ठेवायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो मात्र सोडा. आपली नजर आरशाच्या खालच्या कडेवरून परत फिरून खाली पावलांपर्यंत येते. मध्ये पेटी आली की पाय आणि साडीचा काठ झाकला जातो. मग मोठा आरसा घेऊनही काठ खालीवर झालाय का ते कळत नाही. पेटी बाजूच्या भिंतीला छान दिसेल.

आता जागा, आणि इथे मी काचवाल्याशी अजिबात सहमत नाही. पश्चिमेची भिंत ही आपल्याकडे झडीची भिंत. नैर्ऋत्येचा वारा आषाढात पाऊस थेट तिच्यावर मारतो. चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, पाणी पितो, आणि गिलावा कितीही चांगला असला तरी ओल आत उतरते. आरशाच्या पाठीला चांदीचा पातळ थर असतो, त्यावर रंगाचं संरक्षण. कापलेल्या कडेला ते संरक्षण सगळ्यात कच्चं, त्यामुळे ओल आणि खारी हवा तिथून आत शिरते आणि कडा काळ्या पडू लागतात. माझ्या घरी अशाच भिंतीला घट्ट चिकटवलेला आरसा दुसऱ्या पावसाळ्यातच खालून काळवंडला. आईच्या हौसेचा आरसा होता, फार वाईट वाटलं.

तुमच्या वर्णनावरून माजघराकडची उत्तरेची भिंत आतली आहे आणि तिथे पाच फूट मोकळे आहेत. तिथेच लावा. खिडकी पूर्वेला, म्हणजे उजेड बाजूने आईंच्या चेहऱ्यावर पडेल. आरशात बघायचं तर उजेड माणसावर हवा. मोठ्या आरशाने खोली मोठी दिसते हे खरं, पण तो काय दाखवतो त्यावर ते ठरतं. हातातला छोटा आरसा त्या भिंतीला टेकवून बघा. समोर माड दिसला तर उत्तम, कपाटावरच्या गाद्या दिसत असतील तर त्याच दुप्पट होतील.

वजनाचाही विचार करा. 5 मिमी जाडीची काच एका चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. 45 बाय 24 इंचांचा आरसा पावणेनऊ किलोच्या आसपास, तर 6 बाय 4 चा जवळपास 28 किलो. चिरा ठिसूळ आणि सच्छिद्र, नुसत्या गिलाव्यात ठोकलेले खिळे हे वजन धरत नाहीत. लांब प्लग चिऱ्याच्या अंगात जाऊ द्या, सांध्यात नको. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खालून आधाराची पट्टी घ्या, म्हणजे भार तिच्यावर येईल. पाठीला मरीन प्लाय, म्हणजे ओलीत टिकणारं प्लायवूड, आणि भिंतीपासून अर्धा इंच अंतर, म्हणजे हवा खेळेल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन चिकटवायला म्हणून पाठीला लावू देऊ नका, ते चांदी खातं. आरशासाठीचं न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. कडा पॉलिश करून घ्या आणि पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका.

काच कापायला सांगण्याआधी वर्तमानपत्रं जोडून 45 बाय 24 चा कागद करा आणि उत्तरेच्या भिंतीवर खालची कड 25 इंचांवर धरून चिकटवा. चार दिवस राहू दे. आईंना त्याच्यापुढे उभं करा, दार आणि कपाट उघडून बघा, पलंगाच्या कडेला धक्का लागतो का ते पाहा. खटकलं तर कागद सरकवा. मग माप इंचांत लिहून काचवाल्याच्या हातात द्या.