पेडल बसतं, गळती मात्र दिसत नाही

प्रश्न : सैन्यातून बाद झालेला अमेरिकी बनावटीचा ‘एम-३५ए२’ ट्रक घेतला. बरीच वर्षं उभा होता. इंजिन झकास सुरू झालं, पण ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं. बाहेर गळती नाही. ब्रेकचं तेल भरून चालवू का?

उत्तर : मुळीच नको. इंजिनाच्या आवाजावर भाळून लोक ब्रेककडे शेवटी बघतात, आणि या ट्रकच्या ब्रेकचं सर्किट, म्हणजे तेलाची लाइन, सगळ्या चाकांना मिळून एकच असतं. सहापैकी एका चाकाचा सिलिंडर फुटला की सहाही चाकांचे ब्रेक गेले!

गळती आतही असते. पेडल दाबल्यावर तेल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर थकलं की तेल आतल्या आत मागे सरकतं. चाकाच्या सिलिंडरचं रबरी टोपण उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर उघडायचाच. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश करत बसू नका, बदला. हवेच्या दाबाने ब्रेकला जोर देणारा एअर-पॅकही तपासा, त्याचं सील गेलं तर तेल हवेच्या बाजूला जातं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.

आत कोणतं तेल आहे? जांभळट असेल तर बहुधा सिलिकॉनचं, ‘डॉट ५’. त्यात ‘डॉट ३’ हे ग्लायकॉलचं तेल ओतू नका. प्रकार बदलायचा तर सगळी लाइन धुऊन, रबरं नवी घालूनच.

रिकामा ट्रकही सुमारे ६ टनांचा. चाक काढताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली भक्कम स्टँड, बाकीच्या चाकांना उटी.