कानशिलावरचे पांढरे केस केशरी का दिसतात?

प्रश्न : क्लायंटचे निम्म्याहून जास्त केस पांढरे आहेत. ६.४ कॉपर (तांबूस शेडचा केसांचा रंग) २० व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) लावला. मागे छान बसला, पण कानशिलांवर भडक केशरी दिसतो. ३० व्हॉल्यूम घ्यायला हवं होतं का?

उत्तर : नाही, त्याने केस आणखी उजळतील आणि रंग कमी बसेल. अडचण शेडची आहे. ६.४ सारख्या फॅशन शेडमध्ये (तांबूस, लाल वगैरे) तपकिरी बेस कमी असतो. काळ्या केसात तो मुळात असतोच, पांढऱ्यात नसतो. म्हणून तिथे नुसता तांबडेपणा उरतो.

निम्मा नॅचरल शेड (साधा तपकिरी बेस असलेला) मिसळा : ६.० चे ३० ग्रॅम, ६.४ चे ३० ग्रॅम आणि २० व्हॉल्यूम (६ टक्के) डेव्हलपर ६० ग्रॅम. काही कंपन्यांचं रंग आणि डेव्हलपरचं प्रमाण १:१.५ असतं, तेव्हा ट्यूबवरचं वाचा. वजनकाट्यावरच मोजा, अंदाजाने डेव्हलपर जास्त पडला की मिश्रण पातळ होतं, ओघळतं. भांडं प्लास्टिकचं.

सुरुवात कानशिलांपासून, बारीक सेक्शन घेऊन, थर जाड. तिथले केस चिवट असतात. पॅकवरची पूर्ण वेळ ठेवा. मधेच रंग गडद दिसला म्हणून धुतला, तर दोन-तीन शाम्पूंतच उतरतो. उरलेलं मिश्रण टाकून द्या. आणि पॅच टेस्ट (त्वचेवर थोडा रंग लावून ॲलर्जी तपासणं) ४८ तास आधी, जुन्या क्लायंटचीसुद्धा.